दामण : एका दोरीची कुळकथा

गेल्या मार्गशीर्षात माझा भाचा मोरजीहून पेणला आला, तेव्हा त्याच्या लांबोड्या पिशवीत काय असावे याविषयी घरातील वडील मंडळींनी बांधलेले सारे तर्क फोल ठरवीत तिच्यातून हातभर लांबीची, रबराने मढवलेली एक दांडी आणि तिच्यावर आठाच्या आकाराने गुंडाळलेल्या चार दोऱ्या बाहेर पडल्या. प्रचंड पतंगाशी स्वतःस जखडून घेऊन पायाखालच्या फळीवर समुद्र कापीत जाण्याचा जो काइटसर्फिंग नावाचा खेळ आहे, त्यातील हा कंट्रोल बार. आणि तो दुसऱ्याच्या हातून स्वस्तात मिळालेला, जुन्या घडणीचा असल्यामुळे त्यात काही फेरफार करून तो निर्धोक करावा, एवढ्याच हेतूने भाचा आला होता. त्या खटपटीत माझ्या हाती एका शब्दाचे कूळ लागेल, अशी कल्पना त्यालाही नव्हती आणि मलाही नव्हती.

यंत्र म्हणून ही दांडी सोपी आहे. मधल्या दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेकडून येतात, एकत्र होऊन दांडीच्या मधोमध पाडलेल्या भोकातून ओवल्या जातात आणि खेळणाऱ्याच्या कमरपट्ट्याच्या आकड्यात अडकतात. कडेच्या दोन पतंगाच्या मागच्या कोपऱ्यांपासून निघून दांडीच्या टोकांशी येतात. दांडी छातीकडे ओढली की मागची कड आवळते आणि पतंग वारा धरतो; दूर ढकलली की तो वारा सांडतो. या खेळाचा इतिहासही एका वाक्यात उरकतो: १८२६ साली ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तराने पतंगांनी ओढावयाच्या गाडीचे पेटंट घेतले, १९८४ साली ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवावयाच्या पतंगाचे घेतले, आणि पुढे त्याच बंधूंच्या कल्पनेवरून २००५ च्या सुमारास असे पतंग बाजारात आले की ज्यांचा जोर दांडी ढकलताच जवळजवळ नाहीसा व्हावा. भाच्याचा बार त्यापूर्वीच्या पिढीचा.

दांडी जवळ ओढण्याच्या क्रियेला खेळाडू 'शीट इन' म्हणतात. भाच्याची समजूत अशी की शीट म्हणजे कापड, म्हणजेच पतंग. मलाही ती पटली होती, आणि अंतोऱ्याच्या बंदरावर आम्ही गेलो नसतो तर आजही पटलेली राहिली असती.

अंतोरे हे पेणचे जुने बंदर. भोगावतीच्या पाण्यातून धरमतरच्या खाडीत उतरणारे मिठाचे मचवे जेथून सुटत, तेथे आज उरला आहे तो मुख्यत्वेकरून चिखल. परंतु शिडाच्या मचव्यावर आयुष्य घालवलेला एक वृद्ध तांडेल माझ्या परिचयाचा होता, आणि दोरीची पारख त्याच्याइतकी कोणास असणार, म्हणून दांडी घेऊन आम्ही त्याच्या ओटीवर बसलो. त्याने चारही दोऱ्यांची टोके अंगणातील खांबाला एकत्र अडकवली, दांडी पोटाशी धरून मागे सरत सरत दोऱ्या ताणल्या, आणि दांडी तिरपी झालेली पाहून मान हलवली. मधल्या दोऱ्या सतत भार वाहून लांबल्या होत्या, म्हणजे तुलनेने कडेच्या आखूड झाल्या होत्या. त्यांतही उजवीला कोणीतरी तुटलेल्या जागी गाठ मारलेली. या दोऱ्या डायनीमाच्या असतात, पोलादाशी स्पर्धा करतात, पण गाठ बसली की त्यांचे बळ निम्म्यावर येते. मग त्याने मधल्या भोकात करंगळी घालून आतली कड चाचपली आणि बोटाला लागलेला पांढरा कण जिभेवर ठेवला. मिठागरांच्या गावचा माणूस! मिठाचा खडा दोरीच्या पदरांत शिरला की तो करवतीचे काम करतो, हे त्यास शिकवावे लागत नाही.

आणि मग कडेच्या दोऱ्यांवर हात ठेवून तो म्हणाला, "मास्तर, ही त दामन हाय. दामन कवा बांधाची नाय, हातान धराची. बांधली का बुराला."

शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याची दोरी ती गोस आणि मागच्या मोकळ्या कोपऱ्याची ती दामण. दामण ओढली की शीड वारा धरते, सैल सोडली की सांडते; हिचेच इंग्रजी नाव शीट. भाच्याचे 'शीट इन' म्हणजे तांडेलाची दामण ओढणे. येथवर सारे सरळ आहे. अडचण सुरू होते ती दामण आली कोठून, या प्रश्नापासून.

माझे पहिले मत, आणि लपवीत नाही, माझे लाडके मत असे होते की हा शब्द संस्कृत 'दामन्', म्हणजे दोर, याचा वंशज आहे. यशोदेने ज्याच्या उदराला दाम बांधले तो दामोदर; त्याच दामाचे गुराच्या गळ्यातील दावे आणि गोठ्यातील दावण; मग शिडाच्या दोरीने काय घोडे मारले आहे? फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश रचणारे रघुनाथपंत माझ्या अंगात दोन दिवस संचारले होते. परंतु याच दाव्याने माझा घात केला. मराठीच्या घरात जन्मलेल्या शब्दात दोन स्वरांमधला मकार टिकत नाही: ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, आणि दामन् चे दावे व दावण झाली. म्हणजे दामन् चा वारसा दावणीने केव्हाच आपल्या नावावर करून घेतला आहे. ज्या दामणीत म शाबूत आहे ती घरची लेक नव्हे. ती एक तर पोथीतून उचललेली, नाही तर बाहेरून आलेली. आणि मचव्यावरचे खलाशी दोरीला नाव देण्यासाठी पोथी उघडतात, हे मानावयास मी तयार नाही.

प्रतिपक्ष फारसीचा. फारसीत 'दामन' म्हणजे वस्त्राचा खालचा घेर, पदर, आणि डोंगराचा पायथाही. प्रथमदर्शनी ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते: पदराचा दोरीशी संबंध काय? येथेच ती गोष्ट पुढे आली जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. इंग्रजी शीट ही दोरीदेखील मुळात दोरी नाहीच. जुन्या इंग्रजीत 'शेआता' म्हणजे शिडाचा खालचा कोपरा, आणि त्याच्या सख्ख्या 'शेआत' या शब्दाचे अर्थ कोपरा, वस्त्राचा घेर, ओटी. डच भाषेत 'स्खोट' म्हणजे मांडीवरची ओटी आणि शिडाची दोरीही. जर्मनांच्या 'शोट' आणि 'शोस' यांचे नाते तेच. उत्तर समुद्रावरील आणि इराणी आखातातील खलाशांनी एकमेकांना न विचारता शिडाला नेसत्या वस्त्राचे रूप दिले आणि त्याचा पदर धरणाऱ्या दोरीला पदराचेच नाव ठेवले! आपणही निराळे नाही. तिपेडी दोराला तीन पदरी म्हणताना कापड आणि दोरी यांची हीच गल्लत आपण रोज करतो.

साक्षीदार आणखी एक आहे, आणि तो निर्णायक वाटतो. आखातातील अरब खलाशी मागच्या दोरीला 'दामन' आणि पुढचीला 'जोश' म्हणतात. अरबांना संस्कृत दामन् शी काही देणेघेणे नाही, आणि जोश म्हणजे फारसी 'गोशा', कोपरा; आपला गोस तोच. जोडीतील एक फारसी निघाल्यावर दुसरीला एकटीला संस्कृत ठरविणे म्हणजे एकाच वरातीतील नवरा इराणचा आणि करवली पैठणची मानण्यासारखे आहे.

ही वरात आपल्या किनाऱ्यावर उतरली कोठे? माझे उत्तर: रोह्याच्या पाण्याच्या तोंडाशी. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी चौल. इ. स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल मसूदी तेथे, त्याच्या भाषेत सैमूरला, आला तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्या व तेथेच जन्मलेल्या मुसलमानांची दहा हजारांची वस्ती त्याने नोंदवली. सिराफ हे इराणचे बंदर. इतके लोक आले ते गलबतांतून आले, आणि गलबतांवर दामन होतीच. चौलहून धरमतरची खाडी दूर नाही. शब्द एका मचव्यातून दुसऱ्यात चढला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

राहता राहिला एक णकार. फारसीतील न मराठीत सहसा न च राहतो: दुकान, मैदान, जमीन. मग छापील मराठीत ही दोरी दामन न होता दामण का झाली? माझा तर्क असा की शेजारच्या दावणीने आपला ण तिला उसना दिला; म शिराझचा, ण गोठ्यातला. यावर माझ्या एका स्नेह्याने घेतलेला आक्षेप मात्र खरोखर कडवा आहे. आगरी आणि कोळी बोलीत ण मुळातच नाही, तेथे पाण्याचेही पानी होते. तेव्हा पांढरपेशा लेखनिकाने पानी ऐकून पाणी लिहावे तशी दामन ऐकून शुद्धीकरणाच्या भरात दामण लिहिली, आणि गोठ्याचा यात काडीइतका संबंध नाही, असे त्याचे म्हणणे. माझ्या तांडेलाची साक्ष येथे निरुपयोगी, कारण तो दावणीलाही दावनच म्हणतो.

दांडीचे काम दोन दिवसांत झाले. गाठीची दोरी एकटी न बदलता कडेच्या दोन्ही बदलल्या, मधला दोर नवा ओवला, भोकाची कड घासून गुळगुळीत केली. खरा दोष निराळाच होता. संकटात कळ ओढून पतंग सोडला तरी दोरीवरची अडकण इतकी जवळ की दांडी वावभरही वर सरकत नसे, आणि पतंग सुटूनही ओढीतच राही. ती अडकण काढून एका मधल्या दोरीला पतंगाच्या रुंदीहून अधिक मोकळी धाव दिली, म्हणजे सारा भार त्या एकीवर येऊन पतंग निशाणासारखा फडफडत पाण्यावर पडतो. जुनी कळ दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता २०२० च्या आयएसओ २१८५३ या मानकाची नवी कळ सबंध बसवली. आणि भाच्याला अंगणातल्या आंब्याला लटकावून, पूर्ण भार असताना ती एका हाताने सुटते याची तीनदा खात्री करून घेतली. तिसऱ्या वेळी तांडेल म्हणाला, "आता बरा."

ण चा निकाल मात्र लागलेला नाही. मालवण, वेंगुर्ल्याकडच्या बोलीत पाण्याचा ण शाबूत आहे; तेव्हा तेथील ज्या वाचकांच्या घरी शिडाच्या होडीवर गेलेले कोणी वृद्ध असतील, त्यांनी त्या दोरीचे नाव त्यांच्या तोंडून एकवार नीट ऐकून मला कळवावे. ते दामण म्हणत असतील तर मी जिंकलो. दामन म्हणत असतील तर माझ्या स्नेह्याला एक शेर पेणचे पोहे देणे आहे.