दहा एप्रिल आणि चार डिसेंबर

वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील संस्मरणीय दिवसांमध्ये १० एप्रिल १५६३ या दिवसाला मानाचे स्थान आहे. त्या दिवशी गोव्यात जोआंव द एन्देम या मुद्रकाने गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतातील वनौषधींवरील संवादग्रंथ छापून पूर्ण केला. गोव्यात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे लोटली होती. ग्रंथ मुद्रणदोषांनी भरलेला आहे. पण त्याची थोरवी त्यामुळे उणावत नाही.

ओर्ता पोर्तुगालचे. सालामांका व अल्काला येथे शिकून १५३४ साली ते मार्तिम आफोन्सो द सोझा यांच्यासमवेत भारतात आले आणि पुन्हा स्वदेशी गेले नाहीत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर ते उपचार करीत. वसईच्या अमलाखालील मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते. आपल्या बेटावरचा एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, हे त्यांनी ग्रंथात मोठ्या कौतुकाने नोंदविले आहे. आम्हां उत्तर कोकणातल्यांना हा मजकूर वाचताना शेजारच्या वाडीतला कोणी बोलतो आहे, असेच वाटते.

विद्वानांच्या लॅटिनऐवजी त्यांनी पोर्तुगीज भाषा निवडली. रुआनो नावाचा कल्पित पाहुणा ग्रीक आचार्यांचे दाखले देतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतात. मालुपा या हिंदू वैद्याचे नावही ते आडपडदा न ठेवता घेतात. पटकीचे त्यांनी केलेले वर्णन आजही थक्क करते: खोल गेलेले डोळे, हाती न लागणारी नाडी, थंड घाम, न भागणारी तहान, आणि काही तासांत मृत्यू. या रोगाचे इथल्या लोकांत रूढ असलेले नावही ते देतात. ते म्हणजे आपल्या आजीच्या तोंडची ‘मोडशी’. तोच शब्द पुढे पोर्तुगीजांच्या जिभेवर ‘मोर्देशी’ झाला. इथले वैद्य रोग्याला मिरे-जिरे घातलेली भाताची पेज पाजतात, हेही त्यांनी लिहून ठेवले. पटकीच्या रोग्याला प्रथम पाणी व क्षार द्यावेत, हे आधुनिक वैद्यकाने ठामपणे सांगितले ते विसाव्या शतकात. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि युरोपने ओर्तांना ओळखले.

येथवरची कथा सर्वत्र सांगितली जाते. आम्हांला वाचकांचे लक्ष ग्रंथाच्या मुखपृष्ठाकडे वेधावयाचे आहे. आलेइशो दियश फाल्कांव यांनी ग्रंथ पाहिला असल्याचे तेथे छापले आहे. हे गृहस्थ १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचे न्यायाधीश. ओर्तांचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी होते आणि १४९७ साली पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिल्या गेलेल्यांपैकी होते. अशा कुळातल्या माणसाने त्या नावाखाली आपले पुस्तक कोणत्या मनःस्थितीत छापले असेल?

१५६८ मध्ये ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, त्यांची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपाखाली गोव्यात जिवंत जाळण्यात आले. कुटुंबीयांच्या जबान्यांवरून मृत ओर्तांनाही दोषी ठरविले गेले आणि ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स त्याच्या आदल्याच वर्षी गोव्यात उतरले होते. ज्यांच्या मराठीवर आम्ही वाढलो आणि ज्या आगीविषयी आम्ही बोलत नाही, ती दोन्ही एकाच काळातली.

ही हकिगत बाहेर आली ती १९३४ साली, सिल्वा कार्वाल्यो यांनी न्यायासनाची कागदपत्रे प्रसिद्ध केली तेव्हा. त्याआधी ओर्तांचे चरित्र व ग्रंथाची संपादित आवृत्ती काढणाऱ्या काउंट फिकाल्यो यांना या आगीचा पत्ता नव्हता. आज ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. आमच्या मते त्या क्षमायाचनेत कातारीनाही येते; पण तिचे नाव आमच्या कोणत्याही प्रार्थनेत आम्ही ऐकलेले नाही.

ग्रंथाची चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९६३ मध्ये, लिस्बनच्या विज्ञान अकादमीने त्याची हुबेहूब प्रतिकृती काढली. तिच्या मुखपृष्ठावर ओर्तांच्या नावाखाली त्या न्यायाधीशाचे नाव जसेच्या तसे आहे.