वसईकडील जुनी फियाट : एका स्वस्त मोटारीच्या सुखाचा व जोखमीचा इतिहास

वस्तूची किंमत आणि वस्तू बाळगण्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली एकदाच द्यावी लागते. दुसरा वस्तू पदरी असेतोवर चुकत नाही. हा भेद जुन्या मोटारीच्या बाबतीत विशेष ठळकपणे दिसतो. वसई-विरार परिसरात, वाडीतील माडाखाली किंवा जुन्या घराच्या पडवीलगत, ताडपत्री पांघरून उभी असलेली फियाट ही या प्रकारची वस्तू आहे. विकत घेणाऱ्यास ती स्वस्त वाटते, आणि विक्रीच्या दिवसापुरते ते खरेही असते. तथापि या स्वस्ताईचा इतिहास तपासला असता ती त्या मोटारीच्या अंगची नव्हती असे दिसून येते. कुर्ल्याचा कारखाना, मुंबईची टॅक्सी, गल्लोगल्लीचा मेस्त्री आणि सुट्या भागांचा बाजार मिळून जी व्यवस्था उभी राहिली, तिची ती स्वस्ताई होती. ही व्यवस्था कशी घडली, कशी विरली आणि तिच्यामागे मालकाच्या वाट्याला काय उरले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. नाव आणि व्यवहार

‘फियाट’ हे नाव म्हणजे तुरिन नगरीत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या मोटार कारखान्याच्या इटालियन नावाची आद्याक्षरे. त्याच अक्षरांचा लॅटिनमध्ये ‘होवो’ असा अर्थ होतो, हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. या नावाचा महाराष्ट्राशी संबंध आला तो वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांच्या उद्योगामुळे. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई. पुढे फियाटशी करार झाला. १९५१ च्या सुमारास ‘टोपोलिनो’ ही चिमुकली गाडी व १९५४ मध्ये ‘मिलेचेंतो’, म्हणजे ‘अकराशे’, ही गाडी आली. या दुसऱ्या गाडीच्या फुगीर नाकाडामुळे लोकांनी तिचे ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले. १९६४ मध्ये ‘११०० डी’ किंवा ‘डिलाइट’ हा प्रकार निघाला आणि आज जी आकृती सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती याच गाडीची.

१९७२ च्या सुमारास इटालियन कंपनीशी असलेला करार संपला. मूळ नाव वापरण्याचा अधिकार राहिला नाही म्हणून गाडीला प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नाव देण्यात आले. लोकव्यवहाराने या नामांतराची फारशी दखल घेतली नाही. नोंदणीपुस्तकात पद्मिनी, बोलण्यात फियाट, अशी स्थिती शेवटपर्यंत टिकली. कागदावरील नाव मालकीचा हक्क सांगते. बोलण्यातील नाव वापर आणि परिचय सांगते. करार संपला तरी मेस्त्रीच्या हातास तीच यंत्ररचना लागत होती, आणि भाषेने त्या सातत्याचीच नोंद ठेवली.

गाडीभोवतीच्या शब्दांकडे पाहिले तर वसईकरांस ओळखीच्या आणखी काही खुणा आढळतात. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. ‘मेस्त्री’, ‘चावी’ व दरवाजाची ‘बिजागरी’ हे तिन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आले आहेत. जादा चाकास आपल्याकडे ‘स्टेपनी’ म्हणतात. तो शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून पडला. तेथे १९०४ च्या सुमारास असे चाक प्रथम तयार करण्यात आले. इटालियन आराखड्याची, कुर्ल्यात घडलेली ही गाडी मराठी मालकाने आपलीशी केली ती अशा अनेक देशींच्या शब्दांनी.

२. दुर्मिळतेच्या काळातील मोटार

आज स्वस्त वाटणारी ही गाडी नवी असताना स्वस्त नव्हती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथून काढता पाय घ्यावा लागला. देशात मोटार बनविणारे मोजके तीन कारखाने उरले : हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर व स्टँडर्ड. उत्पादन मर्यादित, मागणी अमर्याद, आणि १९६९ मध्ये तर सरकारने गाडीची किंमतही आदेशाने बांधून दिली. या किंमतनियंत्रणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती असलेली वापरलेली गाडी कित्येकदा नव्यापेक्षा अधिक भावाने विकली जाई.

किमतीचे मान कळण्यास एक सर्वश्रुत उदाहरण पुरेसे आहे. लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधान असताना १९६४ मध्ये फियाट घेतली. तिची किंमत सुमारे १२,००० रुपये होती आणि त्यांपैकी ५,००० रुपये त्यांना पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घ्यावे लागले. १९६६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. पुढे ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. देशाच्या पंतप्रधानास जी गाडी कर्जाविना परवडत नव्हती, ती सामान्य शिक्षक, कारकून अथवा बागायतदार यांच्या आवाक्यात असणे शक्यच नव्हते.

या दुर्मिळतेचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी ठरला. दुसरी गाडी मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे हाती असलेली गाडी मोडीत काढणे कोणालाच परवडत नसे. ती दुरुस्त करीत राहणे हाच मार्ग होता. इटलीत ११०० ची निर्मिती १९६९ मध्ये थांबली. कुर्ल्यात तीच रचना किरकोळ फेरफारांसह २००० च्या सुमारापर्यंत चालू राहिली. एकच यंत्र तीन-साडेतीन दशके जवळजवळ जसेच्या तसे राहिल्याने त्याचे ज्ञान साचत गेले. एका पिढीच्या मेस्त्रीने शिकविलेले पुढच्या पिढीच्या मेस्त्रीस उपयोगी पडे आणि एका गाडीचा भाग दुसरीस बसे. तंत्राची ही कुंठितावस्था उद्योगाच्या दृष्टीने दोष खरी, पण जुन्या गाडीच्या मालकास तिने मोठाच आधार दिला.

३. टॅक्सी आणि स्वस्ताई

हा आधार सर्वत्र पोहोचविला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. १९६४ पासून ‘डिलाइट’ टॅक्सी म्हणून धावू लागली आणि पुढील काही दशकांत मुंबईची टॅक्सी म्हणजे फियाट असे समीकरण रूढ झाले. हजारो टॅक्सी दिवसरात्र चालत. त्यांच्या क्लच प्लेटा, ब्रेकचे लायनर व पाटे सतत झिजत. आणि म्हणून ते भाग सतत बनत व विकले जात. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावरील भंगारात सबंध गाडी सुटी-सुटी मिळू शके. खासगी मालक हा या बाजाराचा लहानसा गिऱ्हाईक होता. बाजार टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर जगे आणि खासगी मालकास त्याची फळे विनासायास मिळत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानापद्धतीतून मुक्त झाला. नव्या गाड्या सहज मिळू लागताच फियाटची किंमत उतरली. मात्र टॅक्सी अद्याप रस्त्यावर असल्यामुळे दुरुस्तीचा खर्च वाढला नाही. गाडी स्वस्त व दुरुस्तीही स्वस्त, असा हा एकमेव कालखंड होय. जुन्या फियाटच्या सुखाच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात त्या बहुधा याच काळातील आहेत. हा योग दीर्घकाळ टिकणे शक्य नव्हते. मुंबईत टॅक्सीच्या वयास २० वर्षांची मर्यादा पडली. टॅक्सी म्हणून अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून हा अध्याय मिटला. गिऱ्हाईक गेले की बाजार जातो. ज्या भागांची मागणी हजारोंनी होती ती आता शेकड्यांवर, काही भागांची तर एकेकट्या मालकावर, आली आहे.

४. वसईची हवा, गाडीचा पत्रा

मुंबईचा मालक आणि वसईचा मालक यांत भूगोलाने आणखी अंतर पाडले आहे. वसई तालुक्याच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, आणि मधूनमधून मिठागरे. भुईगाव, राजोडी, अर्नाळा या पट्ट्यात वाऱ्याबरोबर खार येतो व चार महिने पाऊस हटत नाही. फियाटला ट्रकप्रमाणे वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. पायाखालचा पत्रा, दारांखालच्या कडा व मागील पाटे जेथे टेकतात ती जागा सडली, म्हणजे केवळ रूप जात नाही, गाडीचे बळच जाते. वरून ताजा रंग दिलेली व आतून कुजलेली गाडी ही खरेदीदाराची पहिली फसगत होय. जाणता मेस्त्री इंजिन सुरू करण्यापूर्वी गालिचा उचलतो व पेचकसाने पत्रा टोचून पाहतो, तो यासाठीच. इंजिनाच्या रिंगा बदलता येतात, बोअर करता येते. सडलेला पत्रा मात्र जोडकामाने फार काळ तगत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचे रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली होते. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वाळल्यावर चालू झाली तरी पोकळ कडांतील ओल आपले काम करीतच राहते.

भागांचा प्रश्नही येथे अधिक बिकट. विरारहून मुंबईकडे लोकगाडी १८६७ पासून धावते, आणि फियाटचा मालक आजही तिच्याच आश्रयाने आपली मोटार चालती ठेवतो. बिघडलेला कार्बुरेटर पिशवीत घालून वसई रोडहून दादर व तेथे गाडी बदलून कुर्ला, असा त्याचा मार्ग आहे. मोटार बाळगण्यासाठी लोकलने प्रवास करावा लागणे यात विनोद आहे, पण दुरुस्तीचे केंद्र किती दूर राहिले याचे मापही त्यातच आहे.

इंधनाचीही अशीच गोष्ट. या इंजिनाची घडण शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील. ते पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्या मऊ करते. इंजिन तापलेले असताना नळीतून गळणारे पेट्रोल हा आगीचा धोका होय. नळ्या बदलणे हा खर्च अल्प, पण न बदलणे महाग पडते.

५. कागदाची जोखीम

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीस पर्यावरण कर आहे. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, व ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीस १०,००० रुपये ठरले. अगदी अखेरची पद्मिनीही या शेवटच्या वर्गात मोडते. उलटपक्षी २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाडीस ‘विंटेज’ हा दर्जा दिला. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही. परिणामी डुक्कर फियाट वारसा ठरली, तर ऐंशी-नव्वदच्या दशकांतील पद्मिनी करासाठी म्हातारी व मानासाठी अल्पवयी राहिली.

यास्तव खरेदीदाराने पत्र्याइतकेच कागद टोचून पाहणे अवश्य आहे. मूळ मालक वारला असून नोंदणी त्याच्याच नावे राहिली, मुदत केव्हाच सरली, इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळत नाही, असे दोष आढळल्यास मागितलेली किंमत कितीही अल्प असली तरी ती अधिकच समजावी. एम. एच. ४८ या वसईच्या कार्यालयात घालवावे लागणारे दिवसही त्या किमतीतच मोजले पाहिजेत.

६. सुख

एवढे असूनही ही गाडी लोक बाळगतात, आणि केवळ हौस म्हणून हे उडवून लावणे योग्य नव्हे. चार नळकांड्यांचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या खांबाला असलेला गिअरचा दांडा आणि बाकासारखे सलग पुढील आसन ही बहुतेक गाड्यांची रचना साधी आहे. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग दिसतो आणि प्रत्येकाचे काम समजते. प्लग पुसावा, पॉइंट घासावा, कार्बुरेटर धुवावा, आणि गाडी सुरू व्हावी. कारण व कार्य यांचा असा प्रत्यक्ष संबंध आजच्या बंदिस्त यंत्रांत मालकाच्या वाट्यास येत नाही. यंत्र समजणे हे या मालकीचे पहिले सुख. आणि ते समजावून देणारा मनुष्य भेटणे हे दुसरे. रविवारच्या सकाळी मेस्त्री गाडीवर ओणवा आणि मालक हातात पाना घेऊन शेजारी उभा, असा प्रसंग ज्याने अनुभवला आहे त्यास दुरुस्तीचा खर्च केवळ रुपयांत मोजता येत नाही.

परंतु येथेच सर्वांत मोठी जोखीमही दडलेली आहे. मेस्त्रीचे ज्ञान पुस्तकात नाही. ते कानात आणि बोटांत आहे. ‘टॅपेट बोलतात’, ‘गाडी मिसिंग मारते’, ‘पाटा बसला’ हे त्याचे शब्द म्हणजे निदानाची परिभाषा होय. नव्या गाड्यांकडे वळलेल्या तरुण कारागिरांस तिचे कारण उरलेले नाही. भाग एखाद्या लेथवर पुन्हा घडविता येईल. पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा कान घडविण्यास शेकडो गाड्यांचा नित्य राबता लागतो, आणि तो राबता २०२३ मध्ये संपला.

फियाटचे सुख व जोखीम यांचे मूळ अशा रीतीने एकच ठरते. ही गाडी कधीच एकट्या मालकाच्या बळावर चालली नाही. समुदाय होता तोवर तिचा खर्च सर्वांत वाटला जाई. तो पांगल्यावर सारा भार ताडपत्री उचलणाऱ्या एकट्यावर आला. वसईच्या वाडीतील फियाट घेणाऱ्याने प्रथम गाडी पाहू नये; तिचा मेस्त्री कोण, त्याचे वय काय आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत आहे काय, हे विचारावे. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या गाडीची खरी किंमत सापडते.