माकडे पाच की पन्नास?

शाळेत केवलमूल्याची उदाहरणे सोडवताना माझा एक गुण हमखास जायचा. संख्येच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा ओढल्या, की तिचे ऋण चिन्ह गळते. अधिक दोनचे केवलमूल्य दोन आणि उणे दोनचेही दोनच. म्हणून समीकरणाचा दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. समजा, 'क्ष वजा तीन'चे केवलमूल्य क्षच्या दुपटीइतके आहे. क्ष एका वाटेने उणे तीन येतो, दुसऱ्या वाटेने एक. मी दोन्ही उत्तरे लिहून मोकळा! पण मूळ समीकरणात उणे तीन घातले, की डावीकडे सहा येतात आणि उजवीकडे उणे सहा. म्हणजे ते उत्तर फसवे. पडताळा घ्यायचा राहिलेला.

या उभ्या रेघा जर्मन गणिती वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरल्या. पडताळ्याची सवय मात्र फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी एका प्रकारच्या वर्गसमीकरणासाठी सांगून ठेवले, की आधी बेरीज करून पाहा, नाही जमले तर वजाबाकी करा.

आपल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, माकडांची दोन गणिते येतात. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग रानात खेळतो आहे आणि बारा माकडे टेकडीवर आहेत. उत्तरे ४८ आणि १६. दोन्ही खरी.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत शिरला आणि एक माकड फांदीवर दिसले. उत्तरे ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा. तीन गेले, सात उरले. त्यांचा वर्ग ४९, फांदीवरचे एक मिळून ५०. आता पाच घ्या. एकातून तीन गेले, उणे दोन. वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडेमोड चोख जुळते! पण वर्ग करताना ऋण चिन्ह पुसले गेले, अगदी त्या उभ्या रेघांमध्ये पुसले जाते तसेच. उणे दोन माकडे कोणी पाहिली आहेत?

धन संख्येची वर्गमुळे दोन, एक धन आणि एक ऋण, हे भास्कराचार्यांना ठाऊक होते. तरीही इथे दुसरे उत्तर घेऊ नये, असे ते म्हणतात. प्रत्यक्ष मोजायची संख्या ऋण झालेली लोकांना पटत नाही, हे त्यांचे कारण. मला भावते ते हे, की त्यांनी पाच लपवले नाही. आधी मांडले, मग ते का नको हे सांगितले.

मी पुढे बी.ए. झालो, गणित सुटले. पण एखादी ओळ सहज जमून आली, की अजूनही थांबतो. मूळ सांगायचे होते ते हेच का, हे ताडून पाहतो.