धस, सचिन

धस, सचिन (३ फेब्रुवारी २००५ – ). महाराष्ट्राचा उजव्या हाताने खेळणारा फलंदाज. जन्म आणि जडणघडण बीडची. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत त्याने भारताकडून ३०३ धावा केल्या. उपांत्य सामन्यात काढलेल्या ९६ धावांमुळे त्याचे नाव देशभर झाले.

नावामागची गोष्ट सरळ आहे. आरोग्य विभागात नोकरी करणारे वडील स्वतः विद्यापीठ पातळीपर्यंत क्रिकेट खेळलेले. गावसकरांचे भक्त आणि तेंडुलकरचे चाहते. मुलगा झाल्यावर त्याचे नाव सचिन ठेवले गेले आणि पुढे त्याच्या पाठीवर १० क्रमांकही आला. आई पोलीस दलात अधिकारी. तीही मैदानावरचीच, राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली. मुलगा साडेचार वर्षांचा असतानाच त्याला प्रशिक्षक अझहर शेख यांच्याकडे सोपवण्यात आले.

बीडमध्ये फलंदाज घडवायचा तर पहिली अडचण खेळपट्टीची. सचिनचा बराचसा सराव ‘हाफ टर्फ’वर, म्हणजे गवत-मातीच्या अर्ध्याच लांबीच्या विकेटवर झाला. पूर्ण बावीस यार्डांच्या टर्फचा अंदाज यावा म्हणून पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर असे सामन्यांचे दौरे करावे लागत. मुलाच्या सरावासाठी वडिलांनी उसनवारी करून टर्फच्या विकेट तयार करून घेतल्या. पण विकेट तयार करणे एक आणि ती जगवणे दुसरे. टर्फला पाणी लागते. बीडमध्ये पाऊस बेताचा, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे. मुंबईच्या मैदानांवर वाढणाऱ्या मुलाला ज्याचा विचारही करावा लागत नाही, त्या ओलाव्याचा हिशेब या घराने वर्षानुवर्षे ठेवला. सचिनच्या कारकिर्दीतली कोणतीही धावसंख्या वाचताना हे टँकर विसरता येत नाहीत.

बीडने याआधीही भारताला कसोटीपटू दिला आहे. संजय बांगर (जन्म ११ ऑक्टोबर १९७२) बीडमध्ये जन्मलेले, पण देशांतर्गत क्रिकेट खेळले ते रेल्वेकडून. २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला उतरून त्यांनी काढलेल्या ६८ धावा जाणकार आजही आठवतात. मराठवाड्याचे आणखी एक उदाहरण शेजारच्या जालन्याचे. तिथला विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. त्यामुळे सचिन हा एकटाच चमत्कार नाही. तरीही जिल्ह्याच्याच गावी राहून, तिथल्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली इथवर येण्याचे मोल मोठे आहे.

त्याची पहिली ओळख दणदणीत फटके मारणारा अशी होती. पुण्यातल्या १९ वर्षांखालील एका स्पर्धेत त्याचे षटकार पाहून आयोजकांनी त्याची बॅटच तपासायला घेतली, असा किस्सा त्याचे प्रशिक्षक सांगतात. विश्वचषकातही संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर, शेवटच्या षटकांत धावा लुटण्यासाठी ठेवले होते. साखळीतल्या सामन्यांत त्याने तेच केले : बांगलादेशविरुद्ध नाबाद २६, आयर्लंडविरुद्ध अवघ्या ९ चेंडूंत नाबाद २१, अमेरिकेविरुद्ध २०. सुपर सिक्समध्ये न्यूझीलंडविरुद्ध १५. कामगिरी उपयोगी, पण धावफलकाच्या कोपऱ्यात बसणारी.

चित्र बदलले २ फेब्रुवारी २०२४ रोजी, ब्लूमफाँटेनला. नेपाळविरुद्ध भारताचे ३ बाद ६२ झाले असताना तो आला आणि कर्णधार उदय सहारनबरोबर त्याने चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. सहारनचे १००, सचिनचे १०१ चेंडूंत ११६. भारताने ५ बाद २९७ केल्या आणि सामना १३२ धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी सचिन एकोणीस वर्षांचा झाला.

चारच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला बेनोनीत यजमान दक्षिण आफ्रिकेशी उपांत्य सामना झाला. लक्ष्य २४५ चे. क्वेना मफाकाने डावाच्या पहिल्याच चेंडूवर आदर्श सिंगला बाद केले. मुशीर खान गेला, सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी गेला, प्रियांशू मोलिया गेला, ४ बाद ३२. चेंडू उसळत होता, प्रेक्षक यजमानांचे होते आणि समोर पुन्हा सहारनच होता. इथे सचिनच्या खेळातली खरी जाण दिसली. सहारन एका बाजूला पाय रोवून उभा राहिला, तर सचिनने गोलंदाजांना दबाव टाकायला सवडच दिली नाही. मात्र नुसते उंच फटकेही मारले नाहीत. ९५ चेंडूंतल्या त्या ९६ धावांमध्ये ११ चौकार आहेत आणि षटकार एकच. षटकारांमुळे बॅट तपासली गेलेल्या मुलाचा हा डाव आहे, हे लक्षात घेतले की त्यातला संयम कळतो. पाचव्या गड्यासाठी १७१ धावा झाल्यावर मफाकानेच त्याला माघारी पाठवले. शतक चार धावांनी हुकले, पण तोवर सामना भारताच्या हाती आला होता. सहारन ८१ वर धावबाद झाला, राज लिंबानीने चौकार मारला आणि भारताने सात चेंडू राखून, दोन गड्यांनी अंतिम फेरी गाठली.

११ फेब्रुवारीचा अंतिम सामना मात्र ऑस्ट्रेलियाने ७९ धावांनी जिंकला. सचिन ९ धावांवर बाद झाला. स्पर्धेत सात डाव, दोनदा नाबाद, सरासरी ६०.६० आणि चेंडूमागे एकापेक्षा अधिक धाव असा त्याचा हिशेब राहिला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने निवडलेल्या स्पर्धेतील सर्वोत्तम संघात त्याला स्थान मिळाले.

वरिष्ठ पातळीवर तो महाराष्ट्राकडून रणजी करंडक खेळू लागला आणि त्याची जागा पार बदलली. शेवटी येऊन फटकेबाजी करणाऱ्याला आता वरच्या क्रमांकावर नव्या चेंडूला तोंड द्यावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध महाराष्ट्राचा पहिला डाव १२६ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात कर्णधार ऋतुराज गायकवाडने १४५ धावा केल्या आणि त्याला मोठ्या भागीदारीत साथ देणाऱ्या सचिनने ९८. महाराष्ट्राने ३८८ पर्यंत मजल मारली, तरी मुंबईने सामना नऊ गड्यांनी जिंकला. बेनोनीत शतकाला चार धावा कमी पडल्या होत्या, इथे दोन.