उभ्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे

लंडनचं ब्रिटिश म्युझियम १५ जानेवारी १७५९ ला लोकांसाठी उघडलं. प्रवेश फुकट, पण आधी दरवानाकडे नाव, समाजातला दर्जा आणि राहण्याचं ठिकाण लेखी द्यायचं. ते वहीत चढलं की मग तिकीट. आज वेबसाइटवर एवढं विचारलं तर माणूस दुसऱ्या क्षणी पसार!

ब्रिटनमधल्याच एका संग्रहालयात वेबसाइटचे आकडे सांभाळणं हे माझं काम. या कामातली पहिली वही म्हणजे सर्व्हरचा लॉग. वेबलायझरसारखी साधनं त्यातून तक्ते काढत आणि सर्च इंजिनांचे बॉटही त्यात पाहुणे म्हणून मिरवत. ‘हिट्स’ तर पक्के लबाड: पानावर दहा चित्रं असली, तर एका वाचकाचे अकरा हिट्स. अहवालात आकडा भरघोस दिसे, मग तक्रार कोण करणार?

२००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स फुकट खुलं केलं. हात कायम आखडता असलेल्या संग्रहालयांनी ते लगेच उचललं. आता मोजणी पानातली स्क्रिप्ट करू लागली. बरेच बॉट गळले, आकडे उतरले.

खरी पंचाईत पुढे झाली. गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पिढीला, म्हणजे युनिव्हर्सल ॲनालिटिक्सला, कुणी एका नाण्याचं पान दहा मिनिटं वाचून काहीही न दाबता गेला, तर तो ‘बाउन्स’, म्हणजे आल्या पावली परतलेला, वाटे. नव्या पिढीत, म्हणजे जीए-४ मध्ये, दहा सेकंदांहून जास्त थांबलेला वाचक ‘गुंतलेला’ ठरतो. वाचक तोच, नाणं तेच, पण प्रगतिपुस्तक सुधारलं! १ जुलै २०२३ ला जुन्याची फुकट आवृत्ती नवी नोंद घेईनाशी झाली. जुने आकडे नव्यात येत नव्हते, आणि वर्षभराने ते पाहण्याची सोयही गेली. ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी तर २०२२ मध्येच, माहिती अमेरिकेला जाते म्हणून, गूगल ॲनालिटिक्सच्या वापरावर बोट ठेवलं होतं. ज्यांना माहिती स्वतःच्या सर्व्हरवर हवी, त्यांच्यासाठी मातोमो हे मोजणीचं साधन होतं. २०१८ पर्यंत त्याचं नाव पिविक होतं.

संचालक विचारतात, ‘‘पाहुणे वाढले का?’’ मोजणीची पद्धत बदलली तिथे मी आलेखात उभी रेघ मारते आणि सांगते, रेघेच्या अलीकडचं पलीकडच्याशी ताडून पाहू नका. खापराच्या तुकड्यालाही क्रमांक देणाऱ्या संस्थेने स्वतःच्या वाचकांचा इतिहास असा पुसू द्यावा, हे मला पटत नाही. म्हणून वेळेत उतरवून ठेवलेल्या तक्त्यांनाही रीतसर दाखल क्रमांक मिळावा, असा अर्ज मी केलाय. अर्जात ‘दाता’ असा रकाना आहे. तिथे गूगल लिहायचं की आमचं स्वतःचं नाव, यावर आमच्या अभिलेखपालांशी वाद चालू आहे.