वरून आदेश, खालून फक्त जयजयकार?



संघटना फुटली की आपण नेत्यांच्या अहंकाराला दोष देतो. दोष आहेच. पण फूट पडण्याच्या कितीतरी आधी संघटनेतला संवाद मेलेला असतो. त्याकडे कुणी पाहत नाही.

इतिहास काय सांगतो? रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना मिळाले नाही. वरून आलेला कागद खाली पोहोचलाच नाही. पोहोचवला तो रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, गावोगाव फिरून. म्हणून २० मार्च १९२७ घडला.

डिसेंबरमधला प्रसंग तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. सनातन्यांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आलेले. बाबासाहेब नुसता आदेश देऊ शकले असते, कुणी मोडला नसता. पण त्यांनी परिषदेत दोन्ही बाजूंची भाषणे होऊ दिली, कलेक्टरलाही बोलू दिले, आणि मग कारणे सांगून सत्याग्रह तहकूब करण्याचे पटवून दिले. लोक नाराज झाले, पण फुटले नाहीत. का? कारण त्यांना विचारले गेले होते. पुढे १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टातही आपणच जिंकलो.

मूकनायक (१९२०), बहिष्कृत भारत (१९२७), जनता (१९३०) ही पत्रेही एकतर्फी भोंगे नव्हते. खेड्यातल्या अत्याचाराची बातमी, कार्यकर्त्याची तक्रार त्यांत छापून येई. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी भीमराव कर्डकांचे जलसे होते.

आणि आज? घणसोली, तुर्भे, दिघ्याच्या वस्त्यांत आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ढिगाने आहेत. त्यांतल्या बऱ्याच ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो! बॅनर, फोटो, बैठकीची वेळ खाली येते. घराच्या नोटिशीचा, कंत्राटी सफाई कामगाराच्या पगाराचा प्रश्न मात्र वर जात नाही. बैठकीत प्रश्न विचारणारा 'गटबाज' ठरतो. महिलांना माईक मिळतो तो बुद्धवंदनेपुरता.

मित्रांनो, बुद्धाच्या संघातही ठराव मांडून संमती विचारली जाई. मग आपल्या शाखेत का नको? पुढच्या बैठकीत पहिला अर्धा तास वस्तीतल्या माणसांना द्या, पदाधिकाऱ्यांनी फक्त ऐकावे. प्रत्येक प्रश्न वहीत लिहा, आणि त्याचे काय झाले ते त्याच्या पुढच्या बैठकीत सांगा. 'संघटित व्हा' याचा अर्थ गप्प बसा असा होत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!