कागद वाचवायचा, की मजकूर वाचायचा? डच छपाईची चार शतकं

नेदरलँड्समध्ये शिकायला आलेल्या बहुतेकांना हा प्रश्न लवकरच भेटतो. अडीचशे पानांचा प्रबंध छापून वाचायचाय आणि विद्यापीठाचा प्रिंटर पानागणिक पैसे कापतो. मग आपल्या खटपटी सुरू होतात. समास कमी करा, फॉन्ट बारावरून दहावर आणा, एका कागदावर दोन पानं बसवा, दोन्ही बाजूंनी छापा. कागदाचा गठ्ठा पाव होतो आणि आपण खूश होतो. रात्री वाचायला बसल्यावर कळतं की तिसऱ्या पानालाच डोळे शिणलेत.

म्हणजे पैसे वाचले, पण बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलं. वाचणाऱ्याच्या.

ज्या देशात बसून आपण हे करतोय, तिथल्या छापखान्यांनी याच हिशेबावर चारशे वर्षं डोकं चालवलंय. म्हणून आजचा विषय कागद आणि शाई वाचवण्याच्या इतिहासाचा. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत जाऊ: बचत झाली ती नक्की कशातून, आणि तिची किंमत कोणी भरली?

लायडनचे खिशात मावणारे ग्रंथ

लायडनचं विद्यापीठ १५७५ सालचं. पाचच वर्षांनी, १५८० मध्ये, लुवेनचा लुई एल्झेवीर इथे आला आणि त्याने विद्यापीठाच्या आधाराने पुस्तकविक्री सुरू केली. पुढे त्याच्या मुलानातवंडांनी छपाईत एवढं नाव कमावलं की १८८० मध्ये रॉटरडॅममध्ये निघालेल्या एका नव्या प्रकाशनसंस्थेने तेच नाव उचललं. तीच आजची एल्सव्हियर. जुन्या घराण्याशी तिचं नातं फक्त नावाचं आणि बोधचिन्हाचं.

त्या काळी कागद हाताने, चिंध्यांच्या लगद्यापासून बनायचा. पुस्तकाच्या एकूण खर्चात साधारण निम्मा वाटा एकट्या कागदाचा असायचा. आज आपण शाईच्या काडतुसाच्या किमतीने हैराण होतो, तेव्हाचा छापखानेवाला कागदाच्या तावांनी हैराण व्हायचा. त्यामुळे बचत करायची तर ती तावातूनच.

छापलेला ताव घड्या घालून कापला की पुस्तकाची पानं होतात. आठ पानांची घडी घातली तर दोन्ही बाजू मिळून एका तावात १६ पृष्ठं बसतात. बारा पानांची घातली तर २४, आणि चोवीस पानांची घातली तर ४८. आता ४८० पृष्ठांचं एक पुस्तक धरा. पहिल्या पद्धतीने एका प्रतीला ३० ताव लागतील, दुसऱ्या पद्धतीने २०, तिसऱ्या पद्धतीने फक्त १०. हजार प्रती काढायच्या तर फरक वीस हजार तावांचा. अर्थात पृष्ठ लहान झाल्यावर तेवढाच मजकूर त्यात बसवायला अक्षरही बारीक करावं लागतं.

एल्झेवीरांनी नेमकं हेच केलं. १६२९ पासून त्यांनी लॅटिन अभिजात लेखक बारा पानी घडीच्या छोट्या पुस्तकांत काढायला सुरुवात केली. त्याआधीच देशोदेशींची माहिती देणारी त्यांची एक मालिका चोवीस पानी घडीत निघू लागली होती, म्हणजे जेमतेम तळहाताएवढी. त्याच मालिकेत १६३१ मध्ये योहानेस दे लाएत याचं मुघल साम्राज्यावरचं पुस्तक आलं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि लायडनमध्ये हिंदुस्थानची माहिती खिशात मावू लागली होती.

या पुस्तकांची अक्षरं बारीक होती, पण छपाई स्वच्छ होती. विद्यार्थ्याला परवडणारं पुस्तक मिळालं. डोळ्यांना थोडा ताण पडला, पण पुस्तक मुळीच न मिळण्यापेक्षा तो सौदा बरा होता.

मातृभाषेसाठी शिकलेली कला

सौद्याची हीच गोष्ट एका परदेशी माणसाच्या बाबतीत जास्त ठळक दिसते. मिक्लोश तोतफालुशी किश हा ट्रान्सिल्वेनियाचा, हंगेरियन भाषक. १६८० मध्ये हंगेरियन बायबलच्या छपाईवर देखरेख करायला त्याला नेदरलँड्सला पाठवलं गेलं. इथे येऊन तो नुसती देखरेख करत बसला नाही. अॅमस्टरडॅमच्या डिर्क व्होस्केन्सकडे तो अक्षरांचे ठसे कोरायला शिकला. त्यात इतका तरबेज झाला की इतर देशांकडून त्याला कामं येऊ लागली, अगदी जॉर्जियन लिपीचे ठसे करण्याचंही. त्या कमाईतून, स्वतःच्या खर्चाने, त्याने १६८५ मध्ये हंगेरियन बायबल छापलं. ३,५०० प्रती, आणि आकार मुद्दाम लहान. गावाकडच्या गरीब माणसाला ते विकत घेता यावं म्हणून.

किशला नुसती अक्षरं बारीक करायची असती तर ठसे कोरायला शिकायची गरज नव्हती. बाजारात बारीक खिळे मिळत होतेच. पण बारीक असूनही वाचता येणारं अक्षर हवं असेल तर ते त्या आकारासाठी वेगळं घडवावं लागतं, हे त्याला उमगलं होतं. त्याची अक्षरं पुढे जर्मनीत पोचली आणि कित्येक वर्षं ‘यान्सन’ या दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळखली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासकांनी ती चूक दुरुस्त केली.

अक्षराचं पोट

मग बारीक पण वाचता येणारं अक्षर घडवायचं कसं? रोमन लिपीतलं एच किंवा पी हे छोटं अक्षर डोळ्यांपुढे आणा. मधलं धड, वर किंवा खाली जाणारी काठी. वाचणाऱ्याला मुख्यतः धड दिसतं. म्हणून डच कारागिरांनी धड मोठं केलं, काठ्या आखूड केल्या आणि अक्षराची रुंदी थोडी आवळली. त्याच उंचीच्या ओळीत अक्षर मोठं दिसायला लागलं आणि एका ओळीत शब्दही जास्त बसले. ही शैली एवढी ओळखीची झाली की अठराव्या शतकात फ्रेंच कारागीर फूर्निये याने तिला ‘हॉलंडी रुची’ असंच नाव दिलं.

ही रुची विसाव्या शतकातही टिकली. अॅमस्टरडॅम मेट्रोच्या पाट्यांसाठी १९७०च्या दशकात अक्षरं करणारे गेरार्ड उंगर (१९४२–२०१८) यांनी १९९३ मध्ये ‘गलिव्हर’ नावाचा टाइप केला, खास वर्तमानपत्रांसाठी. अंग लहान, पण दिसतो मोठा. नाव अगदी शोभणारं. पुढे अमेरिकेतल्या ‘यूएसए टुडे’ने तो वापरला. रोज लाखो प्रती निघतात तिथे प्रत्येक स्तंभात दोन ओळी जास्त बसल्या तरी कागदाचं गणित बदलतं.

हा मुद्दा विसरला की काय होतं तेही बघा. २०१४ मध्ये पिट्सबर्गजवळच्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडला की अमेरिकी सरकारने सगळी कागदपत्रं गॅरामाँड फॉन्टमध्ये छापली तर शाईवरचे कोट्यवधी डॉलर वाचतील. बातमी जगभर गाजली. मग टाइपच्या जाणकारांनी दाखवून दिलं की गॅरामाँडचं धडच लहान असतं. बारा पॉइंटचा गॅरामाँड हा बारा पॉइंटच्या टाइम्सपेक्षा लहान दिसतो. म्हणजे वाचलेली बरीचशी शाई अक्षर लहान केल्यामुळेच वाचली होती. टाइम्सच थोडा लहान करून छापला असता तरी तेच झालं असतं. बिल पुन्हा वाचणाऱ्याच्या नावावर.

छिद्रांचा फॉन्ट आणि आडवं पुस्तक

घराघरांत प्रिंटर आल्यावर हिशेब उलटला. कागद स्वस्त, शाई महाग. २००८ च्या शेवटी उट्रेख्टच्या ‘स्प्रांक’ या कंपनीने ‘इकोफॉन्ट’ आणला. कल्पना साधी होती: अक्षराच्या रेषांमध्ये बारीक गोल छिद्रं ठेवायची. नेहमीच्या मजकुराच्या आकारात, म्हणजे नऊ-दहा पॉइंटला, छिद्रं सहसा डोळ्यांना जाणवत नाहीत, पण तेवढी शाई वाचते. सुमारे २० टक्के बचत होईल असा कंपनीचा दावा होता.

कल्पना चलाख होती, पण तिची मर्यादाही समजून घ्यायला हवी. अक्षराची रुंदी तीच राहिली, म्हणून पानं एकानेही कमी झाली नाहीत. दोन वर्षांनी विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे विद्यापीठाने शाई वाचवायला एरियल सोडून सेंचुरी गॉथिक घेतला, तेव्हा तर उलटाच पेच उभा राहिला. त्याची रेष बारीक म्हणून शाई कमी लागते, पण अक्षर रुंद. मजकूर लांबला तर शाईची बचत कागदात जाते.

फ्रीसलंडमधल्या हेरेनवेनच्या योंगब्लूट या बायबल छापणाऱ्या कंपनीने कागदाच्या बाजूने विचार केला. २००९ मध्ये त्यांनी ‘द्वार्सलिखर’ बाजारात आणलं. बायबलला वापरतात तसा पातळ कागद, तळहाताएवढा आकार, आणि पुस्तक आडवं धरून वरच्या दिशेने पान उलटायचं. डच भाषेत या शब्दाचा एक अर्थ रुळांखालचा आडवा स्लीपर आणि दुसरा अर्थ आडमुठा माणूस. आपल्याला मात्र यात काही आडमुठं वाटायचं कारण नाही. आजीची पोथी आठवा. पान रुंद, आणि वाचून झालं की वरच्या बाजूला पालथं घालायचं. आडव्या पानाची सवय आपल्याला शतकांची आहे.

आपली ओळ तीन मजली

आता शेवटचा आणि आपल्या कामाचा प्रश्न. हे सगळं मराठी मजकुराला लागू पडतं का?

देवनागरी अक्षरं छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी दोन अॅमस्टरडॅमचीच आहेत. १६६७ चं किर्खरचं ‘चायना इलुस्त्राता’ आणि १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेलं ‘हॉर्तुस मलाबारिकुस’. दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोचीच्या रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट यांचं कोकणी निवेदन नागरी लिपीत आहे. पण दोन्हीकडे नागरी अक्षरं चित्रासारखी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहेत. खिळे नव्हतेच. ज्या शहरात लहान अक्षराची कला कळसाला पोचली होती, तिथे आपली लिपी ऐसपैस पानावर पाहुणी म्हणून आली आणि त्या कलेचा तिला काही उपयोग झाला नाही.

ते काम पुढे मुंबईत झालं. तिथल्या कंपोझिटरला देवनागरीची खरी अडचण रोज दिसायची: आपली ओळ तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. खिळेसुद्धा तसेच तुकड्यांत जुळवले जायचे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी ठसे कोरले. निर्णयसागरचं नाव झालं ते या सुबक अक्षरांमुळे. संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या टाइपात आणि खाली टीका बारीक टाइपात, असं भरगच्च पान त्यांनी वाचण्याजोगं करून दाखवलं. किशने हंगेरियनसाठी जे केलं, त्याच जातीचं हे काम.

डच युक्ती, म्हणजे धड मोठं करून काठ्या आखूड करणं, देवनागरीत एका मर्यादेपर्यंतच चालते. वरचा मजला दाबला की ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात. खालचा दाबला की ‘कर्तृत्व’मधला ऋकार पुढच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. अक्षर फार बारीक केलं की शाई पसरून भ आणि म, घ आणि ध ओळखू येईनासे होतात.

हे प्रिंटरसमोर उभं राहून मोजता येतं. एका ए-४ कागदावर दोन पानं बसवली की मजकूर सुमारे ७१ टक्क्यांवर येतो, म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. इंग्रजी लेख साडेआठला निभावून जातो. मराठीचा मात्र निभावत नाही, कारण तीन मजले त्याच उंचीत कोंबल्यामुळे बारा पॉइंटचं मराठी अक्षर मुळातच इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. म्हणून मराठी मजकूर हातात फाइल म्हणून असेल तर आधी अक्षर चौदा-पंधरा पॉइंट करा, समास निम्मे करा, ओळींमधलं अंतर तसंच राहू द्या, आणि मग दोन पानं एका कागदावर बसवा. स्कॅन केलेलं जुनं पुस्तक असेल तर फक्त पांढरे समास कापले तरी बराच फरक पडतो. पानं थोडी जास्त लागतील. पण आजीला पाठवायचा कथासंग्रह असो की रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांचे धडे, ते वाचले जातील.

मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत: शिल्लक राहणं आणि अक्षरं उलगडणं. छपाईतली चांगली बचत तीच, जिच्यात दोन्ही अर्थ एकदम खरे होतात. वेस्टझानला १६९२ सालची ‘स्खोलमेस्टर’, म्हणजे ‘शाळामास्तर’ नावाची पवनचक्की आजही वाऱ्यावर कागद बनवते. कधीतरी जाऊन तो कागद हातात घेऊन बघा. जाड आणि खरखरीत. एका तावामागे किती मेहनत असायची हे पाहिलं की एल्झेवीरांची काटकसर पटते. मग घरी येऊन प्रिंटरचं बटण दाबण्याआधी एक पान छापून वाचून बघा, आणि उरलेली नंतर छापा.